मुलाखतीपुरती उघडणारी प्रयोगशाळा

आमच्या शाळेची प्रयोगशाळा फक्त नव्या विज्ञानशिक्षकाच्या मुलाखतीला उघडते. एरवी किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात, कारण म्हणे मुलं वस्तू फोडतात. नुसत्या खडू-फळ्यावर भौतिकशास्त्र शिकवून वैतागलेले दोघं यंदा सोडून गेले.

आज तिसरी आली. चकाचक भिंगं बघून हरखलीच बिचारी.

"बघा, आपल्याकडे कशाचीही कमतरता नाही!" मुख्याध्यापक म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. इथे गणित शिकवण्यात माझी हयात गेली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार आता पुरे झाला. कुलपाला लटकलेली किल्ली मी काढली आणि तिच्या हातात कोंबली.

"बाई, आधी ही घ्या. नोकरीचं मग ठरवा."

"अहो, काही फुटलं तर?" मुख्याध्यापक किंचाळले.

"भिंग फुटलं तर नवं बाजारात मिळतं, साहेब. गेलेले ते दोघं आणून दाखवा!"