यंदाही समुद्रकाठचीच शाळा

मी बॅग बोलतेय, आणि आधीच कबूल करते, मी मूर्ख बाई आहे. कितीतरी वर्षं मला वाटायचं, चांगली उन्हाळी शाळा म्हणजे जिच्या हॉटेलला पायऱ्या कमी आणि समोरचा रस्ता गुळगुळीत. अंगभर गावोगावची स्टिकरं चिकटलीत, पण अक्कल एवढीच.

बल्गेरियातल्या सोफिया शहराच्या बाजारातून मला स्विलेन सरांनी आणलं. तेव्हा त्यांच्या हाताखालच्या पोरांकडे धड बॅगही नसायची. सर म्हणाले, "ही आपल्या गटाची. जो शाळेला जाईल तो नेईल." तेव्हापासून मी विद्यापीठाच्या कणभौतिकी विभागात एका कपाटावर राहते. माणसांच्या हिशेबात चाळिशी केव्हाच ओलांडली असेल. एक चाक कुरकुरतं, आणि पोट सुटलंय ते वेगळंच.

या उन्हाळी शाळांना जगभरची पीएचडीची पोरं जमतात. दहा-बारा दिवस नावाजलेले लोक येऊन शिकवतात. एकेकाच्या वाट्याला असली शाळा बहुधा एकदाच येते. म्हणजे निवड किती विचाराने व्हायला हवी! कशी होते ते मी वरून बघत असते.

हिवाळ्यात एका सकाळी ऑफिसातल्या त्सोंकामावशी घरून गरम बानित्सा आणतात, चीज घातलेली, पापुद्र्यांची. सगळे टेबलाभोवती बसतात. सर तेलकट बोटांनी शाळांच्या जाहिराती उलटतात आणि कोण कोण शिकवायला येणार ती नावं मोठ्याने वाचतात. "अरे, हा तर माझा मित्र! आम्ही एका खोलीत राहायचो!" झालं, शाळा ठरली. तिथे शिकवणार काय, पोरांच्या हाताला काम मिळणार का, हे खालच्या बारीक अक्षरात असतं. तिथवर वाचत जाईपर्यंत बानित्सा संपते, आणि बैठकही.

यंदा पाळी होती झोर्नित्साची. ही पोरगी सिलिकॉनच्या सेन्सरवर काम करते. नखाएवढी चकती असते, तिच्यातून कण गेला की खूण उमटते. उन्हाळा संपला की तिला स्वतः जोडलेले सेन्सर घेऊन मोठ्या प्रयोगावर जायचंय. आणि ते जोडायला शिकवणारं इथे कोणी नाही. पुस्तकात बघून जोडते, जाळते, डोळे पुसते, पुन्हा जोडते. तिने स्वतःच एक शाळा शोधून काढली होती. चेक प्रजासत्ताकातल्या एका आडगावात, तळघरात, जिथे पोरंच कण टिपणारे डिटेक्टर बांधतात. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षानंतर तिथे कोणाला घेत नाहीत, आणि तिचं हे तिसरंच.

"सर, मला इथे जायचंय," ती म्हणाली.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "इथे? इथे समुद्र कुठाय?"

"समुद्र नाहीये सर. सोल्डरिंग आहे."

"आणि ही शिकवणारी माणसं कोण? एकाचंही नाव ऐकलेलं नाही मी."

"ती दिवसभर प्रयोगशाळेत असतात सर. म्हणून."

मोम्चिल खुदकन हसला. हा इथेच पीएचडी झाला आणि आता इथेच नोकरीला आहे. "बयो, सरांनी ठरवलेल्या त्या बेटावरच्या शाळेला गुपचूप जा. ग्रीसची हवा, सरांचे मित्र. मला तिथे पोहता पोहता परदेशात नोकरी मिळाली होती."

"मग परत का आलास, दादा?"

"पोहून झालं."

सर मात्र गंभीर होते. "अगं, माणसं ओळखीची झाली की सेन्सर आपोआप चालायला लागतात."

"माझे चालत नाहीत सर. जळतात."

शेवटी सर म्हणाले, "बरं बाई, दोन्हीकडे अर्ज कर. मी दोन्हीकडे शिफारसपत्र देतो." पोरगी इतकी खूश झाली की उरलेला बानित्साचा तुकडा तिने सरांनाच दिला.

वसंतात चेकमधून कळलं की पत्र काही आलं नाही, जागा भरल्या. बेटावरून मात्र कळलं, या.

"सर, तुम्ही देतो म्हणाला होतात!"

"अगं, देणारच होतो. पण दोन्हीकडे कसं देणार? दोन्ही शाळांची पोरं निवडणारी मंडळी एकाच कमिटीत बसतात. एका मुलीसाठी दोन पत्रं म्हणजे दोन स्थळांना होकार कळवल्यासारखं. लोक काय म्हणतील?"

"मला विचारायचं तरी होतं."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

आणि सर वाईट नाहीत हो, हाच तर वैताग आहे. त्यांचे जन्माचे मित्र त्या बेटावर भेटले. आपल्याजवळचं सगळ्यात चांगलं ते तिला देत होते, फक्त ते तिला नको होतं. मला इतका राग आला की वाटलं, कपाटावरून धाडकन उडी मारावी. पण सर म्हणाले असते, "बघ, बॅगसुद्धा निघाली!"

निघताना त्सोंकामावशींनी रिवाजाप्रमाणे उंबऱ्यावर तांब्याभर पाणी ओतलं. "पाण्यासारखी सुरळीत जा गं." निम्मं माझ्या अंगावर. मग हळूच म्हणाल्या, "बुडायला पाणी तिकडे आहेच."

बेट छान आहे, खोटं कशाला बोलू? हॉटेलला एकही पायरी नाही. मी खोलीत असते, त्यामुळे संध्याकाळचं रडगाणं तेवढं माझ्या वाट्याला येतं. एका संध्याकाळी झोर्नित्सा माझ्यावर बसून खोलीतल्या मैत्रिणीला सांगत होती, "शिकवायला आलेल्या त्या मोठ्या माणसाला विचारलं, सेन्सर जोडताना का जळतो? म्हणाला, ते आमच्याकडे तंत्रज्ञ बघतात." मैत्रीण म्हणाली, "मग तंत्रज्ञ का नाही बोलावत शिकवायला?" आणि तीही येऊन बसली. माझ्यावर.

पीएचडी करवून घेणाऱ्या समस्त सरांनो आणि मॅडमांनो, मी एक फाटकी बॅग, माझं कोण ऐकणार? तरी सांगते. मित्रांची नावं जरूर वाचा, त्यांना भेटायला स्वतः जा, मी येईन सोबत. पण पोरीची शाळा ठरवताना तिला एकच विचारा, बाई, तुला काय येत नाही? आणि ती जे सांगेल ते जिथे शिकवतात तिथे तिला पाठवा.

आज शेवटचा दिवस. खोल्या सकाळीच रिकाम्या केल्यात, म्हणून आम्ही सगळ्या बॅगा सभागृहात मागच्या भिंतीला लागून उभ्या आहोत. समोर शेवटचं भाषण चाललंय, भविष्याबद्दल. भलं मोठं यंत्र होणार, डोंगराखालून बोगदा जाणार, बांधायला वीस वर्षं लागणार. झोर्नित्साने हात वर केला. "सर, हे बांधणार कोण?"

"तुम्ही!" वक्ते हात पसरून म्हणाले. "तुमची पिढी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. झोर्नित्सा स्वतःच्या भाजलेल्या बोटांकडे बघत राहिली.

मला राहवेना. शेजारच्या करड्या बॅगेला म्हटलं, "ऐकलंत ना ताई? बांधायचं हिने, आणि शिकवायचं कोणीच नाही. एकच संधी होती हो पोरीची, तीही गेली. आता हिने करायचं तरी काय?"

त्या बॅगेने समोरून नजरही हटवली नाही. म्हणाली, "वीस वर्षं आहेत ना. शिकेल की."