दोन्ही फोटोंत कावळा तिथंच

मी फरक ओळखायचा खेळ बोलतोय. मोबाइलमधला. शेजारी शेजारी दोन चित्रं, दिसायला सारखी, पण पाच जागी वेगळी. मी घड्याळ लावत नाही, कुणाला हरवत नाही. माझ्या नावापुढेच लिहिलंय, मनाला आराम. त्या आरामापायीच माझं वाटोळं झालं, ते सांगतो.

मला घडवणारे कोण, कुठले, मला ठाऊक नाही. वाशिंदच्या भागीरथीच्या फोनात मला तिच्या मुलीनं, नम्रतानं आणलं. भागीरथी बाटल्यांच्या कारखान्यात कामाला. जेवणाच्या सुट्टीत डबा संपला की मला उघडायची. सुरुवातीला अडलं की इशाऱ्याचा दिवा दाबायची आणि मुकाट जाहिरात बघायची. पुढं पुढं दिव्याकडे ढुंकून बघेना. खिडकीतली मांजर गायब, छत्रीचा दांडा आखूड, सगळं टिपायची. "माझ्या नजरंतून सुटायचं नाय," असं मैत्रिणींना ऐकवायची. मला कोण अभिमान वाटायचा.

तिचं माहेर मुरबाडकडे. शेताच्या कडेला तिच्या आईनं लावलेला रायवळ आंबा. जग सोडून जाताना आई तिच्या भावाला, सुदामला, म्हणाली होती, "ह्यो झाड भागीचा. ह्याला कोयता लावू नको." ही गोष्ट भागीरथी इतक्यांदा सांगायची की मलाही पाठ झाली. माहेराकडून तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं. सुदाम दर वैशाखात लगडलेल्या झाडाचा फोटो धाडायचा. खाली लिहायचा, भागे, तुझं झाड बघ.

यंदाही फोटो आला. तिनं गंमत म्हणून गेल्या वर्षीचा फोटो शोधून काढला आणि एकदा हा, एकदा तो बघू लागली. सवय माझीच, दुसरं काय. बुंध्याशी पाय उचललेली शेळी. फांदीवर सुदामचा निळा टॉवेल. शेंड्याला कावळा. दुसऱ्या फोटोत शेळी तीच, पाय तसाच. टॉवेलची घडीसुद्धा तीच. कावळाही तिथंच. वर्षभर कावळा हलला नाही, असं कसं होईल?

तिनं फोन लावला.

"दादा, आंबा हाय ना रे?"

सुदाम म्हणाला, "शिमग्याच्या आधी काढला गो. मागच्या बंगलेवाल्यांना गाडीला वाट पायजे होती. तुला सांगायचा धीर नाय झाला."

"मंग फोटो कशाला धाडलास?"

"तू वाट बघत असशील म्हणून."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. तिनं फोन ठेवला. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तरी उठली नाही. दोन्ही फोटो पुन्हा उघडले. आता पुसणार, असं मला वाटलं. तिनं झाडावरून नुसतं बोट फिरवलं, फोटो मिटले आणि माझ्यावर बोट दाबून धरलं.

"ह्याच्यामुळं," एवढंच बोलली.

माझ्यामुळं? झाड मी तोडलं? जुना फोटो नवा म्हणून मी धाडला? चोर सोडून संन्याशाला फाशी. मी फसवतो, पण आधी सांगून फसवतो. फरक आहेत, शोधा, म्हणतो.

आता मी परत ॲपच्या दुकानात, बाकीच्या खेळांच्या गर्दीत. कुणी नेलं तर जाईन. एवढंच मागणं आहे, माझ्यामुळं नजर तयार झाली, तर तिला दिसलेल्याचा राग माझ्यावर काढू नका.

भागीरथीनं झाडाचे दोन्ही फोटो ठेवले. काढलं ते मला.