फळ्या उघडायची वेळ

१९९० साल. जपानमधल्या आमच्या कुरोसे बेटावर त्या फेब्रुवारीत उत्तरेचा वारा नऊ दिवस थांबला नव्हता. अशातल्याच एका रविवारी सकाळी सात वाजता शिगेनोने आपल्या घराच्या लाकडी फळ्या सरकवल्या आणि दगडी कुंपणापलीकडे पाहिलं. पाहायचं नाही असं ठरलं होतं, तरी पाहिलं. इंग्रजीच्या बाईंच्या घराच्या फळ्या बंद होत्या.

बेटावर सात म्हणजे सात. वाऱ्यासाठी रात्री लावलेल्या फळ्या तेव्हा उघडायच्याच. साडेसातपर्यंत कुणाच्या उघडल्या नाहीत, तर शेजाऱ्याने हाकही न मारता सरळ आत जायचं. बहुतेक सगळी म्हातारी माणसं. कितीतरी जण असे वेळेवर सापडले होते, आणि दोघेतिघे सापडले नव्हते. म्हणून कुणाच्याही दाराला कुलूप नसे.

या बाई म्हणजे मोराग. ती आदल्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडहून आली, शाळेतल्या एकोणीस मुलांना इंग्रजी शिकवायला. वय तेवीस. सप्टेंबरातल्या पहिल्याच रविवारी ती पावणेनऊपर्यंत झोपली. जाग आली तर उशाशी शिगेनो, ताप बघायला तिच्या कपाळावर हात ठेवून बसलेली. पोरगी अशी किंचाळली की धक्क्यावरची माणसं धावत आली. पुढच्या बोटीने तिने कुलूप मागवलं.

त्याच रविवारी संध्याकाळी मुख्याध्यापक ओनिझुका मिठाईचा डबा घेऊन शिगेनोकडे आले आणि चटईला डोकं टेकवून बसले. "काकू, त्यांच्याकडे कुणी कुणाच्या घरात शिरत नाही हो. या बाई गेल्या तर दुसरं माणूस इथे यायचं नाही."

मग वाडीची बैठक झाली. वाडीप्रमुख तोकुइची, शिगेनोचा धाकटा दीर, म्हणाला, "बाईंच्या घराकडे कुणी बघायचं नाही." आमच्याकडे ठरलं की ठरलं. लोक त्या घरावरून जाताना मान वळवून जाऊ लागले. मासळी द्यायची तर कुंपणावर ठेवायची आणि चालू पडायचं.

एके दिवशी मोरागने मोडक्यातोडक्या भाषेत कुंपणावरून विचारलं, "काकू, सगळे माझ्यावर रागावलेत?"

"छे गं. मान देतायत तुला."

"मान असा असतो?"

"आमचा जरा जास्तच होतो," शिगेनो म्हणाली.

हळूहळू ती रुळली. मासळीचे खवले काढायला शिकली. क्रीडादिनाला बायकांच्या संघातून धावली आणि शेवटची आली, तेव्हा सगळे पोट धरून हसले, तीही हसली. कुणाची थाळी आली तर रिकामी परत पाठवायची नाही, हेही तिला कळलं. कधी बिस्किटं, कधी नुसते दोन बटाटे ठेवून पाठवी. आणि डिसेंबरपासून रविवारीसुद्धा ती सातला फळ्या उघडू लागली. विस्कटलेल्या केसांनी यायची, फळ्या सरकवायची, परत जाऊन झोपायची. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी बघायचंही नव्हतं. शिगेनो मात्र बघत होती. सलग दहा रविवार.

आज फळ्या बंद. साडेसात झाले. शिगेनोचं सूप वाडग्यात गार झालं. पावणेआठला ती तोकुइचीच्या घरी गेली. तो जाळं शिवत होता.

"वहिनी, बघायचं नाही असं ठरलंय ना? मग तुम्ही बघितलंत कसं?"

"डोळे आहेत म्हणून."

"अहो, झोपली असेल. पोरगी आहे तरुण."

"दहा रविवार नाही झोपली ती."

"आणि आज झोपलेली निघाली तर? पुन्हा किंचाळली, पुढच्या बोटीने निघून गेली, तर पोरांना इंग्रजी कोण शिकवणार? तुम्ही?"

"मला विचारून काय होणार, भावजी? तुम्ही नाही येणार ना? मी जाते. उद्या कुणी विचारलं तर म्हातारीला वेड लागलं म्हणा."

"वहिनी, थांबा! ओनिझुका सरांना तरी विचारू!"

ती थांबली नाही. मोरागच्या दाराला आतून कुलूप होतं. तिने दारावर मुठी मारल्या, हाका घातल्या. वाऱ्याच्या आवाजात आपलीच हाक तिला ऐकू येईना. फळ्यांच्या फटींत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले होते. पोरीने वारा अडवायला एकही फट ठेवली नव्हती. शिगेनोने फटीला नाक लावलं. रॉकेलचा वास.

शेगडी रात्रभर आत पेटलेली होती, आणि तिचा विषारी वायू बाहेर जायला वाट नव्हती.

शिगेनोच्या घरात खुंटीला तिची जुनी लोखंडी पट्टी लटकत होती. एकोणतीस वर्षं तिने समुद्रात बुड्या मारून त्या पट्टीने खडकाला चिकटलेले मोठे शिंपले उचकटले होते. तीच आणून तिने फळीखाली घातली आणि सगळा भार टाकला. फळी खोबणीतून निसटून अंगणात पडली.

मोराग अंथरुणात नव्हती. चटईवर पालथी पडली होती, एक हात फळ्यांच्या दिशेने लांब केलेला.

शिगेनोने बुडी मारण्यापूर्वी घ्यायची तशी छाती भरून हवा घेतली, तोंड मिटलं आणि आत शिरली. काखेत हात घालून तिला ओढू लागली. पोरगी तिच्याहून वीतभर उंच. उंबऱ्यापाशी शिगेनोची छाती फुटायला आली, डोळ्यांपुढे अंधारी आली. तरी तिने तोंड उघडलं नाही. अंगणातल्या दगडांवर दोघी एकदमच कोसळल्या.

"श्वास घे! घे म्हणते ना!" तिने मोरागच्या गालांवर चापट्या मारल्या. त्या वायूने गाल आधीच लालबुंद झाले होते.

कुंपणापलीकडे तोकुइची धापा टाकत उभा होता. मान अजून दुसरीकडे वळवलेली.

"भावजी, आता तरी इकडे बघा!"

मोरागला ओकारी आली. मग खोकला आला. तोकुइचीने तिला खांद्यावर घेतलं आणि त्या वाऱ्यात आपली बोट काढून मोठ्या बेटावरच्या इस्पितळात नेलं. एरवी तासाभराची वाट, त्याला तीन तास लागले.

दहाव्या दिवशी मोराग परतली. दुसऱ्या सकाळी शिगेनोला कुंपणावर आपली थाळी दिसली; जानेवारीत तिने जिच्यातून मोरागला भाजलेली रताळी दिली होती, तीच. थाळीत कुलूप ठेवलेलं होतं आणि त्याच्या दोन्ही किल्ल्या.

मोराग आणखी दोन वर्षं राहिली. पुढे तिने आपल्या गावी लग्न केलं, मुलीचं नाव शिगेनो ठेवलं. तिकडे ते कुणाला नीट म्हणता येत नाही म्हणे. ओनिझुका सर बदली होऊन गेले आणि निवृत्तीनंतर भाजी लावू लागले. तोकुइची सत्त्याण्णव साली झोपेतच गेला; साडेसातला शिगेनोनेच त्याच्या घरात पाऊल टाकलं. शाळा दोन हजार आठमध्ये बंद झाली. शिगेनो एक्याण्णव वर्षांची होऊन गेली. ते कुलूप तिने लोणच्याच्या पिंपावर, लोणचं दाबायच्या दगडाशेजारी ठेवलं होतं, तेवढंच वजन जास्त म्हणून.