यादोरावचा हात

मित्रांनो, मी एक जुना पितळी खटका आहे आणि माझ्या फटीत माझ्याच मालकाचं रक्त सुकलेलं आहे.

चिचगडच्या यादोरावने मला स्वतः घडवलं. मला दाबलं की त्याच्या रेडिओतून मोर्स लिपीतले टिक-टिक संकेत दूरदेशी जायचे. हौशी रेडिओवाल्यांच्या स्पर्धेत जास्तीत जास्त दूरच्या लोकांना गाठायचं असे. जपानचा केंजी तर नाव सांगण्याआधीच ओळखायचा, 'हा यादोरावचा हात!' कारण प्रत्येकाची ठोकण्याची लकब वेगळी असते. मला त्याचा भारी गर्व होता.

पुढे माईक आला आणि मी कोपऱ्यात पडलो. स्पर्धेत प्रत्येक नव्या माणसाला पुढचा आकडा सांगावा लागतो. यादोराव खिडकी उघडी टाकून इंग्रजीत ओरडायचा: एकतीस, बत्तीस, तेहतीस. नेमक्या त्याच दिवसांत मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा फिरत होती.

"पोरायची गिनती सांगून रायला हा! काऊन रे, कोनाले विकून रायला आमची पोरं?" शेजारचा नंदलाल काठी घेऊन घरात घुसला. मागे जमाव होता.

"स्पर्धा होय भाऊ, रेडि..."

काठी तोंडावरच बसली. दात फरशीवर पडले. मग लाथा सुरू झाल्या. नंदलालने मला उचललं आणि माझ्या जड बुडाने यादोरावच्या उजव्या हाताची बोटं ठेचली. ज्या बोटांनी मला घडवलं, ती माझ्याखाली कडकड मोडली. मला ओरडताही आलं नाही.

"माह्या बाबाले मारू नोका!" मुलगी चंचल मध्ये पडली, तर तिचंही डोकं फोडलं. पोलीस आले तेव्हा कुठे मार थांबला. नंदलालची पोरं त्या वेळी चौकात गोट्या खेळत होती.

आता चंचल संगणकावर स्पर्धा खेळते. संगणकच हाक मारतो, संगणकच उत्तर देतो. यादोराव नुसता बघत बसायचा. परवा तिने मला पुसून त्याच्यापुढे ठेवलं.

"बाबा, डाव्या हातानं ठोकून पाहा ना."

"ओळखल काय मले केंजी?"

स्पर्धा ऐन रंगात होती. डावा हात अडखळला, चुकला. पलीकडून केंजीने विचारलं, 'कोण?' माझं काळीजच फाटलं. यादोरावने कसंबसं नाव ठोकलं आणि पुढे, 'हात मोडला.'

स्पर्धेत थांबणारा हरतो, मित्रांनो. पण केंजी थांबला. त्या डाव्या हाताइतकाच हळू होऊन त्याने एकेक अक्षर ठोकलं, 'सावकाश सांग. ऐकतो आहे.'

मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण कुणावर हात उचलण्याआधी त्याचं वाक्य तेवढं पुरं होऊ द्या.