श्रीपतीचा विस्तव

“एक बंडल, वैनी.”

“न्हाई.”

“न्हाई म्हंजी? त्ये काय मागं रचून ठिवलंय!”

“रचलंय. पन तुमास्नी न्हाई.”

कामशेत स्टेशनाबाहेरच्या टपरीवर बाजाराच्या दिवशी सकाळी सकाळी हे चाललं होतं. फळीच्या आत कस्तुराबाई, बाहेर हौशीराम. हौशीराम भाताच्या गिरणीतला हमाल. पाठीवर पोतं घेऊन थट्टामस्करी करत जाणारा गडी. पण हल्ली पोतं टाकलं की भिंतीला हात टेकून खोकत उभा राहायचा. काल डॉक्टरांनी त्याच्या छातीचा फोटो उजेडासमोर धरून पाहिला आणि सांगितलं, “अजून तरी भीतीचं काही दिसत नाही. पण विडी आजच्या आज सोडा. श्रीपती याच वाटेनं गेला.”

श्रीपती म्हणजे कस्तुराबाईचा नवरा आणि हौशीरामचा जिवाभावाचा दोस्त. हौशीरामची बायको अंबूबाई दवाखान्यातून तडक टपरीवर आली होती आणि “आक्का, ह्यास्नी इडी दिऊ नगा,” असं पदर पसरून सांगून गेली होती. घरातली काडीपेटी तर तिनं पिठाच्या डब्यात पुरली होती.

“घरला पावनं आल्यात,” हौशीरामनं दुसरा डाव टाकला. “पावन्याफुडं इडी ठिवाया नगं?”

“कोन पावनं?”

“अंबूचा भाऊ.”

“त्यो पहाटंच्या गाडीनं पुन्याला गेला. च्या माज्याकडंच पिला.”

हौशीरामनं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली आणि गिरणीकडे निघून गेला. तो एवढ्यावर थांबणार नाही हे कस्तुराबाईला पक्कं ठाऊक होतं.

टपरीच्या खांबाला सुंभाची दोरी टांगलेली होती. तिचं खालचं टोक दिवसभर धुमसत असायचं. गिऱ्हाईकानं ओठात विडी धरायची, ते टोक विडीला लावायचं, दोन झुरके मारून चालू लागायचं. टपरी थाटली त्या दिवशी श्रीपतीनं स्वतः उदबत्तीनं ती दोरी पेटवली होती. दोरी जळत वर आली की तिच्याच निखाऱ्यावर नवी पेटवायची, रात्री टोक राखेच्या डब्यात जपून ठेवायचं. श्रीपती गेला तरी कस्तुराबाईनं हा नेम मोडला नव्हता. दोऱ्या किती आल्या नि गेल्या, विस्तव मात्र त्याचाच होता. अडलंनडलं की ती त्या टोकाशी दोन शब्द बोलूनही घेई.

श्रीपतीला तिनं मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं, तेव्हा हौशीराम सोबत होता. गाव म्हणत होतं क्षय. तिथले डॉक्टर म्हणाले, फुप्फुसाचा कॅन्सर. तो शब्दच तिनं पहिल्यांदा ऐकला. त्या लांबलचक खोलीत कुठल्या कुठल्या मुलखातली माणसं होती. कोणी तेलंगी, कोणी गुजराथी, कोणी पार उत्तरेकडचा. बोली एकाची दुसऱ्याला कळत नव्हती. पण बहुतेकांची दोन बोटं पिवळी आणि खोकला सगळ्यांचा सारखा. तिला वाटलं होतं, आपल्यावरच हे आलं. तिथं पाहिलं तर सगळा देशच खाटेवर पडलेला. आणि गंमत म्हणावी की काय म्हणावं, त्या माणसांची भाऊबंद मंडळी बाहेर अंगणात काळजीनं विड्यांवर विड्या फुंकत बसलेली. त्यात हौशीरामही होता.

दुपारी बाजार भरात आला तेव्हा डोंगरातल्या वाडीवरचा गेणू करवंदांची पाटी घेऊन टपरीसमोर उभा राहिला.

“मावशे, पाच इड्या दे.”

“तू कवापास्नं इड्या वडाया लागला? तुजी चिलीम कुटं गेली?”

“हाय की कमरंला.”

“मंग इड्या कुनाला?”

गेणू बिचारा खरा माणूस. तो खाली बघायला लागला. “कुनाला त्ये सांगू नगं म्हनलाय त्यो.”

“त्यो कुटं हाय?”

“गिरनीच्या मागं. त्ये बी सांगू नगं म्हनलाय.”

सगळी टपरी खो खो हसली. कस्तुराबाईही हसली, इतकी की चहा उतू गेला.

दिवस कलताना हौशीराम स्वतःच आला. गिरणीत कुणाच्या तरी टोपीतून लांबवलेली एक विडी त्याच्या ओठात होती, पण काडी कुठं मिळाली नव्हती. कुणाकडे न बघता त्यानं दोरीला हात घातला.

“टाका ती, भावजी.”

“ही येकच, वैनी. देवाशपत. उद्यापास्नं...”

“ह्ये बी असंच म्हनायचं.”

हौशीराम ओशाळून हसला, पण हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. चांगलीच आली. तो खांबाला धरून वाकला. दोरी मात्र त्यानं हातातून सोडली नाही.

कस्तुराबाईला तो खोकला ओळखीचा होता. ती फळीबाहेर आली. तिनं त्याच्या हातातून दोरी घेतली आणि कपबशा विसळायच्या बादलीत बुडवली. चुर्र झालं, जरासा धूर आला आणि संपलं.

“वैनी!” हौशीराम खोकला विसरला. “अवं, शिरपतीचा इस्तू त्यो!”

“व्हय. त्यांचं कायतरी मागं ऱ्हावं म्हनून आजवर जपला.” तिनं दोरीचं भिजलेलं टोक पदरानं टिपलं. “पर त्यांचं म्हनून ऱ्हायलंय त्ये तुमीच, भावजी. दोरीचं काय घिऊन बसायचं?”

करवंदं विकून गेणू रिकामी पाटी घेऊन तिथंच टेकला होता. तो हळूच म्हणाला, “आता म्या चिलीम कुटं पेटवू?”

हसू फुटलं. हौशीरामही डोळे पुसत हसला. त्यानं ओठातली विडी काढली, तिच्याकडे एकदा मायेनं पाहिलं आणि बादलीत सोडली.

“पानी बदला, वैनी,” तो म्हणाला. “कपाला वास यील.”

हे सगळं पुढं सरळ झालं असं कुणी समजू नये. हौशीराम महिनाभर अंबूबाईवर, गिरणीवर आणि झाडावरच्या कावळ्यांवरही खेकसत होता. फुटाणे खाऊन खाऊन त्याचे खिसे फाटले. कस्तुराबाईच्या टपरीला लोक ‘बिनविस्तवाची टपरी’ म्हणायला लागले. होत्या त्या विड्या संपल्यावर तिनं नव्या भरल्या नाहीत. धंदा बसला, मग चहाफुटाण्यांवर हळूहळू उठला. दोरीला तिनं केळ्यांचे घड टांगले. जुनी गिऱ्हाइकं अजूनही ओठात विडी धरून सवयीनं दोरीकडे हात न्यायची, हाताला केळं लागायचं आणि हसत हसत तेच घेऊन जायची.

दोरीचं काळं टोक मात्र तिनं कापलं नाही. संध्याकाळी गिरणी सुटली की हौशीराम फळ्या लावायला यायचा. त्या वेळी कस्तुराबाईचा हात आपसूक राखेच्या डब्याकडे जायचा, मग तिला आठवायचं. ते थंड टोक ती थोडा वेळ मुठीत धरून उभी राहायची. हौशीराम तोवर पाठ करून स्टेशनाकडे बघत राहायचा, आणि फारच उशीर झाला तर मोठ्यानं खाकरायचा. कस्तुराबाई ते खाकरणं कान देऊन ऐकायची. त्यात खोकला नसायचा.

“आले, भावजी,” असं म्हणून ती दोरी सोडायची आणि शेवटची फळी लावायची.