नऊ पूर्णांक आठ

शंकाताईने नखाने टायमरचं झाकण उचकटलं आणि मान फिरवली. आतले सेल केव्हाच पाझरून हिरवट पांढऱ्या लगद्यात बसले होते. त्यात एक झुरळही होतं, बहुधा वेळ बघायला आलेलं.

सारख्या शंका काढते म्हणून वर्गाने तिला हे नाव दिलं होतं. प्रात्यक्षिक परीक्षेत लोखंडी गोळी एक मीटरवरून सोडायची, टायमरवर वेळ बघायची आणि गतीच्या समीकरणातून गुरुत्व त्वरण काढायचं. बाकीच्यांचं काढून झालं होतं. सगळ्यांचं नऊ पूर्णांक आठ. पद्धत सीनियरांकडून आलेली: उत्तर आधी मांडायचं, समीकरण उलटं चालवून वेळ काढायची, मग ती खरी वाटावी म्हणून जराशी बिघडवायची. गोळी कुणी डब्यातून बाहेरही काढली नव्हती. मागच्या खेपेला वेळेचा रकाना कोरा ठेवून ती नापास झाली होती. आता झालीस तर कॉलेज बंद, असं वडिलांनी जेवताना सांगून टाकलं होतं.

सर वासावर आले.

“सर, हा टायमर मेलाय. मग यांनी वेळ मोजली कशाने?”

“श्रद्धेने. बंद कर ते, आणि मुकाट्याने लिही.”

तिने बाकीचं सगळं लिहिलं, वेळेचा रकाना तेवढा सोडला.

परीक्षक नाकाला रुमाल लावून आले. नऊ पूर्णांक आठ, पूर्ण गुण. नऊ पूर्णांक आठ, पूर्ण गुण. तिच्या कोऱ्या रकान्यापाशी पेन थांबलं. तिने टायमर पुढे सरकवला. परीक्षकांनी तो उचलून आत पाहिलं.

“सर, हे सेल कधीचे?”

“तुमच्या बॅचलाही हेच होते की. पहिला आला होतास तू यावर.”

परीक्षक बेसिनपाशी गेले आणि बराच वेळ साबण चोळत राहिले. परत येऊन त्यांनी तिचीच पेन्सिल घेतली आणि रकान्यात पाच नोंदी भराभर भरल्या, त्यातली एक मुद्दाम बिघडवलेली. हात कुठे अडखळला नाही. खाली लाल पेनाने पूर्ण गुण दिले, सही केली.

“जा. पास आहेस.”

शंकाताईने खोडरबर काढला, पाचही नोंदी खोडल्या, भुसा फुंकून टाकला आणि कागद त्यांच्यासमोर ठेवला. कोरा रकाना, खाली पूर्ण गुण.

सर घाईने म्हणाले, मूर्ख आहे ती, लक्ष देऊ नकोस. परीक्षकांनी लाल पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. मग तो कागद गठ्ठ्याच्या मधोमध, दोन नऊ पूर्णांक आठांमध्ये सारला आणि पुढच्याला बोलावलं.