पावतीवर नसलेलं नाव

लायसन्सच्या ऑफिसातून परतताना लाल सिग्नलला गाडी थांबली आणि क्लेटननं आर्डिसच्या कानाखाली अशी सणसणीत वाजवली की तिचं डोकं खिडकीच्या काचेवर आपटलं.

"विसरलो म्हटलं ना? मग किती वेळा तेच तेच?"

आर्डिसनं एकदाच विचारलं होतं. पण क्लेटनला एकदाही पुष्कळ व्हायचं. कागद कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून तर हात फारच सैल सुटला होता मेल्याचा.

एप्रिलमध्ये ओहायोतलं घर विकून दोघांनी चाळीस फुटी घरगाडी घेतली, इकडंतिकडं जायला मागे बांधून न्यायची एक छोटी गाडी ठेवली. आता उरलेलं आयुष्य चाकांवर. पण चाकांवर राहणाऱ्यालाही कागदोपत्री कुठलंतरी एक राज्य आपलं म्हणावं लागतं. लायसन्स, मतदान, विमा, टपाल, सगळं त्यावरच चालतं. टेक्सस, फ्लॉरिडा की साउथ डकोटा यावर त्याआधी हिवाळाभर वाद झाले आणि प्रत्येक वादाचा शेवट आर्डिसच्या दंडावर उमटला. शेवटी साउथ डकोटा ठरलं. इथं एक रात्र मुक्काम केल्याची पावती दाखवली की बाकीचे कागद सहज होतात, म्हणून फिरस्ती मंडळी इथंच येतात.

तशी कालची रात्र त्यांनी सू फॉल्स शहराबाहेर घरगाड्यांच्या एका तळावर काढली. आज खिडकीवरच्या बाईनं पावती बघितली आणि हळहळत म्हणाली, "मॅडम, यावर फक्त क्लेटन केम्पर आहे हो. तुमचं नाव कुठंय?"

क्लेटनचं काम झालं. आर्डिस हात हलवत परतली. तिचं ओहायोचं लायसन्स शुक्रवारी संपत होतं. सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई, आणि शुक्रवारनंतर तिला सायकलशिवाय काही चालवता येणार नव्हतं.

तळावर पोचताच छोटी गाडी लावून क्लेटन बिअर काढायला घरगाडीत शिरला. आर्डिस तडक ऑफिसात गेली. तिथं जोलीन होती, तळाची मालकीण, चाळिशीची, तोंडाची फटकळ.

"कालच्या पावतीवर माझं नाव घालायचं राहिलंय."

"राहिलं कुठलं, बाई? होतं की! तुमच्या साहेबांनीच सकाळी येऊन काढायला लावलं. म्हणाले, बायको ओहायोचीच राहणार आहे."

आर्डिसला क्षणभर काही कळेना, आणि मग सगळंच कळलं. ओहायोत आता तिचा उंबरठासुद्धा नव्हता. म्हणजे ती कुठलीच नाही. टपाल त्याच्या नावावर, गाडी त्याच्या नावावर. स्वतःच्या पेन्शनचं पत्रसुद्धा त्याच्याकडून मागून घ्यायचं. चाळीस फुटांच्या डब्यात कोंडून हा हरामखोर तिला देशभर फिरवणार होता. तिच्या अंगाची लाही लाही झाली.

"आता घालता येईल नाव?"

"कालचं नाही घालता येणार, ते खोटं होईल. पण आजची रात्र तुमच्या नावावर राहा की! चार नंबरची लाकडी खोली रिकामी आहे. सकाळी पावती देते."

"लिही. आर्डिस केम्पर."

"काय लिहिताय गं दोघी?" दारातून आवाज आला.

"माझा पत्ता," आर्डिस म्हणाली. वळलीसुद्धा नाही.

"तुझा पत्ता मी आहे!"

त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि तिला फरफटत बाहेर काढलं. पायऱ्यांवर तिची हनुवटी आपटली, दात तुटला, तोंड रक्तानं भरलं. जोलीन झाडू घेऊन धावली, तर त्यानं कोपरानं तिचं नाक फोडलं. मग आर्डिसच्या बरगडीत बूट घातला. एकदा. परत एकदा.

अंगणातल्या शेकोटीपाशी निखारे उकरायची लोखंडी सळई पडली होती. आर्डिसच्या हाताला ती लागली आणि पडल्या पडल्याच तिनं ती त्याच्या गुडघ्यावर घातली. कट्‌कन आवाज झाला. क्लेटन गुरासारखा ओरडत कोसळला. ती उठली, दुसरा तडाखा खांद्यावर, तिसरा पाठीत.

"बाई, पुरे! मरेल तो!"

"मरू दे! चाळीस वर्षं मी मेलेय ना!"

जोलीननं मागून कव घालून तिला धरलं. तेवढ्यात क्लेटन खुरडत खुरडत घरगाडीत चढला. "थांब! तुझी ती खोलीच चिरडतो!" असं बोंबलत त्यानं इंजिन चालू केलं.

गाडी उसळली. विजेची केबल ठिणग्या उडवत तुटली, पाण्याचा पाइप उखडला. पण खरी चूक वेगळीच होती. तळावर थांबलं की बैठकीची अख्खी भिंत कळ दाबून तीन फूट बाहेर सरकवतात, आणि निघताना ती आत घेतल्याशिवाय या जगात कुणी चाक हलवत नाही. निघण्याआधी गाडीभोवती फिरून ते सगळं बघायचं काम क्लेटननं कायम बायकोच्या गळ्यात घातलेलं. भिंत बाहेरच होती.

आर्डिसला ते दिसलं. ओरडायला तिनं तोंड उघडलं. आणि मिटलं.

बाहेर आलेली भिंत वाटेतल्या जाडजूड कॉटनवुडच्या खोडावर धडकली. घरगाडीची कूस टराटरा फाटली. सोफा, ताटल्या, त्याची पँट, तिचा गाऊन, सगळं गवतावर सांडलं. गाडी गर्रकन फिरून सिमेंटच्या खांबावर आदळली आणि क्लेटन समोरची काच फोडून कमरेपर्यंत बाहेर आला. मानेतून रक्ताची धार लागली होती.

"आर्डिस... धर... धर मला..."

ती गेली. शाळेच्या बसवर शिकलेले प्रथमोपचार हाताला अजून येत होते. तिनं गवतावरचा गाऊन उचलून बोळा केला आणि त्याच्या मानेवर दाबून धरला. त्याच्याविषयी तिला काही वाटत नव्हतं, दयाही नाही. तरी तिनं हात सोडला नाही. आणि तशाही अवस्थेत त्यानं तिचं मनगट पकडून पिरगाळलं. तिनं दातओठ खाऊन ते सोसलं. जोलीननं फोन केल्यावर बारा मिनिटांनी अँब्युलन्स आली.

स्ट्रेचर आत गेल्यावर अँब्युलन्समधला माणूस तिच्याकडे वळला. "तुम्ही बायको ना? चढा पटकन. तुमचं तोंडही बघायला हवं. ते वाचतील की नाही, काही सांगता येत नाही."

आर्डिसनं तोंडातलं रक्त थुंकलं.

"मी नाही येत. मला आजची रात्र इथंच काढायचीय."

ती जोलीनकडे वळून म्हणाली, "चार नंबरची किल्ली दे गं."